बडोद्यात लांब केस सांभाळताना: गुंता आणि फाटे टाळण्याची रीत

महाराष्ट्रातून शिकायला किंवा नोकरीला बडोद्यात आलेल्या लांब केसांच्या मुली पहिल्या दिवाळीपर्यंत साधारण एकच तक्रार करू लागतात. वर सगळं ठीक आहे, पण खालची वीतभर टोकं राठ झालीत, विंचरताना दर दोन बोटांवर कंगवा अडतो, आणि उजेडात धरलं की केसाला फाटे दिसतात. दोष तेलाला दिला जातो, मग शॅम्पूला, मग "इथली हवाच वाईट" म्हणून शेवटी अर्धे केस कापले जातात.

हवेचा वाटा फार थोडा आहे. बोअरचं पाणी, रोजची स्कूटर आणि नवरात्रातले नऊ रात्रींचे गरबे, हे तिन्ही मिळून केस घासले जातात, आणि घासणं हेच खरं कारण. यातलं काहीच सोडावं लागत नाही. माझे केस गुडघ्याच्या वर चार बोटं आहेत, आमच्या दांडिया बाजारातल्या घरात लांब केसांची ही तिसरी पिढी, आणि यातली एकही बाई गरब्याशिवाय राहिलेली नाही. कमरेपर्यंत किंवा त्याखाली केस असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. खांद्यापर्यंतच्या केसांना इतका खटाटोप लागत नाही.

सुरुवातीला एक हिशेब डोक्यात पक्का करा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ७५ सेंटीमीटर लांब केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. पाच वर्षं नेसलेल्या सुती साडीच्या पदराला आपण जितक्या हलक्या हाताने धुतो, तितक्याच हलक्या हाताने टोकांना वागवायचं असतं. मुळाजवळच्या केसाला जे चालतं ते टोकाला चालत नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

केसावर बाहेरून बारीक खवल्यांचे थर असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. घासून, ताणून, तापवून हे खवले निघाले की आतले तंतू उघडे पडतात आणि सुटे होतात. तोच फाटा. फाटलेल्या टोकात शेजारचा केस अडकतो, त्यात रोज नैसर्गिकपणे गळणारे पन्नास ते शंभर केस येऊन गुरफटतात, आणि गाठ होते. ती गाठ ओढून काढली की आणखी खवले निघतात, म्हणजे नव्या फाट्याची तयारी. म्हणून फाट्यांचा आणि गुंत्याचा उपाय वेगवेगळा शोधू नका.

आणि फाटा परत जुळत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो. सीरमने तो चिकटल्यासारखा दिसतो, पुढच्या धुण्यापर्यंत.

जवळ काय काय हवं

- मोठ्या दातांचा कंगवा, लाकडी किंवा चांगला प्लॅस्टिकचा. स्वस्त प्लॅस्टिकच्या कंगव्याच्या दातांवर साच्याची उभी धार राहिलेली असते. दातावरून नख फिरवून बघा, अडकलं तर तो कंगवा घेऊ नका.
- शुद्ध खोबरेल तेल.
- साधा शॅम्पू, आणि शॅम्पूपेक्षा दुप्पट लागणारा कंडिशनर.
- जुना मऊ सुती पंचा किंवा धुऊन विरलेला टी-शर्ट. खरबरीत टर्किश टॉवेल नको.
- कापडात गुंडाळलेली रबरं. नुसतं रबर केसाला लावूच नका.
- सॅटीनचं कापड दीड मीटर. उशीचा अभ्रा आणि डोक्याला बांधायचा रुमाल, दोन्ही त्यात होतात. मंगळ बाजारात असं कापड सहज मिळतं.
- केस कापायची धारदार कात्री, जी दुसऱ्या कशालाही लावायची नाही.

हीट प्रोटेक्टर, केराटीन मास्क, बायोटिनच्या गोळ्या या यादीत नाहीत. बायोटिनची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी फाट्यांना काहीच होत नाही, कारण टोकाकडचा केस निर्जीव असतो आणि आपण खाल्लेलं तिथवर पोचत नाही. चांगल्या आहाराचा फायदा मुळातून येणाऱ्या नव्या केसाला होतो, तोही हळूहळू.

१. आधी पाणी तपासा

जुन्या शहरात आणि बऱ्याच सोसायट्यांत महापालिकेचं पाणी येतं, आजवा सरोवराचं किंवा महीच्या काठच्या विहिरींचं. शहराच्या कडेला नव्याने उभ्या राहिलेल्या भागांत मात्र अनेक इमारती बोअरवर चालतात, आणि काही ठिकाणी दोन्ही पाणी एकाच टाकीत मिसळलेलं असतं. वॉचमनला विचारा, त्याला माहीत असतं.

नळाच्या तोंडाशी पांढरा खर साचतोय का, बादलीच्या आत पांढरी रेघ पडते का, ते बघा. खात्री करायची असेल तर एका बाटलीत नळाचं पाणी आणि दुसरीत आरओचं पाणी अर्धं अर्धं घ्या, दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका आणि हलवा. आरओच्या पाण्यात फेस चढेल. नळाचं पाणी जड असेल तर फेस कमी आणि पाणी दुधट होईल. ते दुधट म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साबणाशी झालेला चिकट साका, आणि तोच केसावर बसून केस खरखरीत करतो.

पाणी जड निघालं तर:

- डोक्याला साबणाची वडी लावू नका. "शिकेकाईची" म्हणून विकली जाणारी वडीसुद्धा शेवटी साबणच असते. शॅम्पूचा असा साका होत नाही.
- शेवटचं धुणं दोन-तीन लिटर गोड पाण्याने करा. आरओचं शुद्ध पाणी किंवा उकळून, गार करून, वरून निथळून घेतलेलं पाणी चालतं. उकळल्याने जडपणाचा काही भागच तळाशी बसतो, पण तेवढ्यानेही फरक पडतो.
- महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला, साका काढणारा शॅम्पू वापरा. नाहीतर एक लिटर पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालून ते केसांवरून ओता, दोन मिनिटांनी साध्या पाण्याने धुऊन टाका.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, आरओच्या पाइपमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी. "फुकट जाण्यापेक्षा केस धुवा" असं कोणीतरी सांगतंच. त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. त्याने फरशी पुसा. दुसरा, शॉवरला लावायचा छोटा फिल्टर. त्यातले बहुतेक क्लोरीन कमी करतात, जडपणा काढत नाहीत. त्यासाठी सॉफ्टनर लागतो, आणि भाड्याच्या घरात तो बसवण्यापेक्षा दोन लिटर आरओचं पाणी बाजूला काढणं परवडतं.

२. धुण्याआधी गुंता सोडवा, मग तेल

गुंता तसाच ठेवून डोक्यावर पाणी घेतलं की गाठी आवळतात. म्हणून कोरडे केस आधी पूर्ण मोकळे करून घ्या.

मग खोबरेल, धुण्याच्या आदल्या रात्री किंवा निदान दोन तास आधी. आपण सगळं तेल टाळूवर जिरवतो आणि उरलेला हात केसांवरून फिरवतो, लांब केसांना याच्या उलट करायला हवं. तळहातावर थोडं तेल चोळून ते कानाच्या खालच्या केसांना लावा, टोकांना सगळ्यात जास्त. केस पाण्यात फुगतो आणि वाळताना आकसतो, दर धुण्याला त्यातलं थोडं प्रथिन निघून जातं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि ही झीज कमी करतं. भारतीय संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत हा गुण फक्त खोबरेलात दिसला. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही लक्षात असू द्या. पण खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते आत शिरतात, हे कारण पटण्यासारखं आहे, आणि आमच्या घरात तरी आजीच्या वेळेपासून दुसरं तेल आलेलं नाही.

एरंडेलाबद्दल मुद्दाम सांगते. गुजरात हे देशात सर्वांत जास्त एरंड पिकवणारं राज्य, त्यामुळे इथे दिवेल म्हणून ते कुठेही मिळतं आणि शेजारच्या मासी प्रेमाने बाटली हातात ठेवतात. लांब केसांना नुसतं एरंडेल चोपडू नका. ते इतकं चिकट असतं की धुताना केस एकमेकांत दाबले जाऊन कडक जट होऊ शकते. तेल लावून धुतल्यावर लांब केसांची एका झटक्यात अशी जट झाली आणि शेवटी केस कापावे लागले, अशी नोंद भारतातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये केली आहे, आणि त्या तेलात खोबरेलाबरोबर एरंडेल होतं. असं क्वचितच होतं, पण कमरेखालच्या केसांवर हा प्रयोग कशाला? मासींना "लावलं हो" म्हणावं आणि बाटली देवघरात दिव्याला ठेवावी.

३. धुणं

आठवड्यातून दोनदा पुरे. धूळ-घाम जास्त असेल तर तीनदा.

उभं राहून धुवा, केस पाठीवर सरळ सोडून. बादलीवर वाकून, सगळे केस पुढे घेऊन, डोक्यावर गोळा करून चोळणं हा गुंता करायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. शॅम्पू मगभर पाण्यात पातळ करून फक्त टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी. खालच्या केसांना शॅम्पू वेगळा लावायचा नाही, वरून ओघळणारा फेस तेवढा बस. तेल जास्त झालं असेल तरच खालून हात फिरवा.

मग कंडिशनर, कानापासून खाली. हातभर लांब केसांना सुपारीएवढा कंडिशनर काहीच करत नाही, सढळ हाताने घ्या. बाटलीमागच्या यादीत बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड दिसलं तर तो कामाचा. हे रेणू धनभारित असतात आणि केसाच्या झिजलेल्या, ऋणभारित जागांवर जाऊन बसतात, त्यामुळे केसावर केस घसरतो. कंडिशनर असतानाच बोटांनी केस मोकळे करा, मग वरून खाली पाणी सोडून धुवा.

शिकेकाई वापरायची असेल तर शेंगा उकळून पाणी पातळ कापडाने दोनदा गाळा. बारीक चुरा केसांत राहिला तर गुंता त्यानेच होतो. तयार पावडरीचा हाच त्रास. आणि साफ निघावं म्हणून त्यात सोडा घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सोड्याने खवले उघडतात.

४. वाळवणं

आपल्याकडे न्हाल्यावर ओले केस पंच्याने फटाफट झटकायची पद्धत आहे. गच्चीवर उभं राहून ते करताना छान वाटतं, पण ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो आणि सहज ताणला जातो. पंच्यात केस गुंडाळून दाबा, पिळू नका. दहा मिनिटांनी पंचा काढा आणि केस पाठीवर मोकळे सोडा.

पावसाळ्यात गुडघ्यापर्यंतचे केस पाच-पाच तास ओलसर राहतात. तसेच बांधून झोपण्यापेक्षा ड्रायर बरा, पण मध्यम तापमानावर, वीतभर लांबून आणि सतत हलवत. इस्त्री मात्र ओल्या केसांवर कधीही नाही. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तो तिथेच तुटतो.

५. विंचरणं

एवढी एकच पायरी नीट जमली तरी निम्मं काम झालं, म्हणून जरा सविस्तर.

सरळ आणि थोडे वळणदार केस कोरडे, किंवा जवळजवळ वाळलेले असताना विंचरा. दाट कुरळे केस ओले असताना, कंडिशनर लावलेलं असताना विंचरा, कोरडे असताना त्यांना कंगवा लावू नका. दोन्ही बाबतीत कंगव्याआधी बोटं.

केसांचे चार भाग करा, तीन सैल बांधून बाजूला टाका. हातातल्या भागाचं फक्त टोक, चार-पाच बोटं, आधी विंचरा. ते मोकळं झालं की हात चार बोटं वर. असं करत टाळूपर्यंत जा. वरून एकदम खाली कंगवा ओढला की वाटेतले सगळे छोटे गुंते ढकलले जाऊन खाली एकच मोठा गुंता होतो, आणि तोही सगळ्यात जुन्या, सगळ्यात अशक्त केसांत.

गाठ लागली की:

१. गाठीच्या वर, टाळूच्या बाजूला, मुठीत केस घट्ट धरा. ओढ मुळाला लागता कामा नये.
२. गाठीवर दोन थेंब खोबरेल किंवा चिमूटभर कंडिशनर चोळा, मिनिटभर थांबा.
३. गाठ खाली ओढू नका, आडवी ओढा. दोन्ही हातांच्या चिमटीने बाजूंना पसरवा. तिच्यातून एखादा गळलेला केस सुटा होऊन येतो, तो काढला की निम्मी गाठ सैल होते.
४. तरीही सुटत नसेल तर कंगव्याच्या टोकदार दांडीने किंवा जाड सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने एकेक पदर बाहेर काढा. वर्षानुवर्षं विणकाम केलेल्या बायकांना हे काम फार लवकर जमतं, घरात अशी कोणी असेल तर तिच्या पुढ्यात जाऊन बसा.

कधीकधी एकाच केसाला स्वतःचीच बारीक गाठ बसलेली असते, हाताला कणासारखी लागते. ती सोडवत बसू नका, तिच्या किंचित वर केस कापा.

तापाने आठ-दहा दिवस अंथरुणात काढले की मानेमागे जट होते. एका बैठकीत ती सोडवायचा हट्ट नको. भरपूर कंडिशनर लावून, कडेकडेने, दोन-तीन दिवसांत ती निघते. घाबरून पार्लरमध्ये गेलात तर तिथे कात्रीच चालते.

रोज शंभर वेळा कंगवा फिरवला की केस वाढतात, हे आमच्या आजीचंही म्हणणं होतं. तेलाबाबत आजी बरोबर, इथे चूक. सकाळी एकदा आणि झोपताना एकदा, बस. कंगवा आठवड्याला कोमट पाण्यात शॅम्पू घालून धुवा, मळलेल्या दातांनी केस घासतात.

६. बांधणं: स्कूटर आणि झोप

मोकळे केस आणि ॲक्टिवा हे एकत्र जमत नाही. विद्यापीठापासून अलकापुरीपर्यंतच्या दहा मिनिटांत केसांची जी अवस्था होते ती सोडवायला अर्धा तास लागतो. सैल तिपेडी वेणी घाला, ती कुर्त्याच्या आत सोडा किंवा ओढणीखाली घ्या. कमरेखालची वेणी दुमडून बांधा. चाकात ओढणी जाते तशी वेणीही जाते, हे केसांपेक्षा जिवाचं काम आहे. हेल्मेटच्या आत सॅटीनचा रुमाल, आणि अंबाडा घालायचाच तर मानेशी, डोक्यावर नको.

रबर रोज त्याच जागी आलं की केस तिथेच तुटतात. वेणी एक दिवस जरा वर संपवा, एक दिवस खाली. रबराखाली सुटा राहणारा झुपका पाठीवर आणि खुर्चीवर दिवसभर घासला जातो, तो दुमडून आत घेतला तर फाटे बरेच कमी होतात. अंबाड्याला लाकडी काडी चांगली. यू-पिनच्या टोकावरचा प्लॅस्टिकचा थेंब निघाला असेल तर ती पिन फेकून द्या.

रात्री सैल वेणी आणि सॅटीनचा अभ्रा. सुती अभ्र्यावर कूस बदलली की केस घासतात.

७. नवरात्र

बडोद्यात राहायचं आणि गरबा खेळायचा नाही हे कोणी ऐकून घेणार नाही, तेव्हा तयारी करा.

चोळीवरचे आभले, ऑक्सिडाइझ्ड हार, मोठे झुमके आणि हातातली कडी, या सगळ्यांना केस अडकतात. टाळी देऊन वळताना अडकलेला केस मुळापासून तरी येतो किंवा मधून तुटतो. मोकळे केस फोटोपुरते ठेवा. मैदानात शिरताना घट्ट नसलेली, पण पूर्ण बांधलेली वेणी हवी. आधी टोकांना दोन थेंब तेल किंवा डायमेथिकोन असलेलं सीरम लावा. गजरा घालायचा तर दोऱ्याचा, तारेचा नको.

स्प्रे मारायचाच असेल तर फक्त पुढच्या बटांवर. रात्री एक-दोनला घरी आल्यावर स्प्रे असलेले, घामाने चिकटलेले केस कोरडे विंचरायचे नाहीत. त्या वेळी अंगात त्राणही नसतं, म्हणून वेणी तशीच सैल करून झोपा आणि सकाळी कंडिशनर लावून सोडवा. नऊही दिवस शॅम्पू करायची गरज नाही. मधल्या दिवशी नुसत्या पाण्याने घाम धुऊन खालच्या केसांना कंडिशनर लावला तरी चालतं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात टोकं तपासा.

८. टोकं कापणं

कापल्याने केस भराभर वाढत नाहीत. पण फाटा वर चढत जातो, म्हणून कापायचं. तीन महिन्यांत केस साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटर वाढतो. दर तीन-चार महिन्यांनी एक सेंटीमीटर कापलंत तरी लांबी वाढतच राहते.

मधल्या काळात घरीच: उजेडात बसा, एक बारीक बट पिळून धरा, बाहेर आलेली फाटकी टोकं फाट्याच्या वर अर्धा सेंटीमीटर कापा. स्वयंपाकघरातली किंवा शिवणाची बोथट कात्री केस चिरडते आणि तिथूनच नवा फाटा निघतो.

पार्लरमध्ये गेलात की बसण्याआधीच सांगा, "बेन, खाली छेडा ज कापजो," म्हणजे फक्त टोकंच कापा. आणि किती ते बोटाने दाखवा, "थोडं" म्हणू नका. स्टेप किंवा लेयर कट सुचवला जाईलच. लांब केसांत लेयर म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर हजारो टोकं, सगळी एकमेकांत अडकायला मोकळी. वेणी घालणाऱ्या बाईने सरळ रेषेत किंवा हलक्या गोलाईत कापून घ्यावं. रेझरने कापू देऊ नका. स्मूदनिंगचा आग्रह होईल, "तमारा वाळ बहु रफ छे" असं ऐकवून. हसून नाही म्हणा.

९. तीन-चार महिन्यांतही फरक नसेल तर

टोकांऐवजी मधूनच केस तुटत असतील, केसावर पांढरे बारीक ठिपके दिसत असतील आणि तिथेच तो मोडत असेल, किंवा मुळापासून मूठभर गळत असतील, तर हे कंगव्या-तेलाचं काम नाही. थायरॉइड, लोहाची कमतरता, टाळूचा आजार, काहीही असू शकतं. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. खासगी डॉक्टर नको असतील तर सयाजी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना केसांना तेल लावून जाऊ नका, टाळू नीट दिसत नाही. तुटलेले आणि मुळापासून आलेले केस वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घाला, गेल्या सहा महिन्यांत झालेला मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, चालू असलेली औषधं आणि केसांवर केलेले रंग-रसायनांचे प्रयोग कागदावर लिहून न्या. रक्ताचे आधीचे रिपोर्ट असतील तर तेही.